औषधाच्या खिडकीआडचे काम
ग्रामीण औषधालयातील सुरक्षितता व गुणवत्ता

वार्षिक अहवाल हाती आल्यावर आपली दृष्टी प्रथम बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, प्रसूती व शिबिरे यांच्या आकड्यांवर जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. औषधालयाच्या वाट्यास मात्र जमाखर्चाच्या तक्त्यातील ‘औषध खरेदी’ ही एकच ओळ येते. वस्तुतः रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक रुग्णांचा प्रवास औषधाच्या खिडकीपाशी संपतो. डॉक्टरांनी केलेले निदान अचूक असले, चिठ्ठी योग्य लिहिली गेली, तपासण्याही निर्दोष झाल्या, तरी खिडकीतून चुकीची वा खराब गोळी हाती पडली, किंवा योग्य गोळी चुकीच्या पद्धतीने घेतली गेली, तर आधीचे सर्व श्रम वाया जातात. यास्तव औषधालयाचे काम कसे चालते, त्यास कोणते नियम लागू आहेत आणि त्या नियमांवर वेळ, मनुष्यबळ व पैसा खर्च करणे का आवश्यक असते, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पारखता न येणारी वस्तू

ज्वारी तळहातावर घेऊन पारखता येते, भाजी निवडून घेता येते, कापड बोटांत धरून त्याचा पोत कळतो. औषधाचे तसे नाही. दोन पांढऱ्या गोळ्या शेजारी ठेवल्या, तर त्यांपैकी कोणतीत सांगितल्याइतके औषध आहे आणि कोणतीत निम्मेच, हे रुग्णास कळत नाही. डॉक्टरांस वा औषधनिर्मात्यासही ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. उन्हाने निकामी झालेले इन्शुलिन पुष्कळदा चांगल्या इन्शुलिनसारखेच दिसते. विषारी द्रावक मिसळलेले पातळ औषध गोडच लागते.

जेथे डोळ्यांनी पारख होत नाही, तेथे ती नोंदींनी करावी लागते. औषध कोणी बनविले, कोणत्या बॅचचे आहे, कोणाकडून आले, कोणत्या तापमानात राहिले, कोणाच्या हातून कोणास दिले गेले, या साखळीतील प्रत्येक कडी लिहून ठेवलेली असेल तरच त्या गोळीबद्दल खात्रीने काही सांगता येते. औषधालयातील गुणवत्ता म्हणजे प्रामुख्याने ही साखळी अखंड राखणे होय.

कायद्याची चौकट

आपल्या देशात भेसळयुक्त व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाल्याने १९३० साली कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. पुढे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा औषधनिर्माणशास्त्र कायदा अस्तित्वात आले. महाराष्ट्रात औषधविक्रीच्या परवान्यांची व तपासणीची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

किरकोळ विक्रीच्या औषधालयास किमान १० चौरस मीटर जागा, आवश्यक तेथे शीतकपाट आणि नोंदणीकृत औषधनिर्माता असल्याखेरीज परवाना मिळत नाही. चिठ्ठीवरील औषधे अशा औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत. पदविका किंवा पदवी घेऊन राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीसच हा अधिकार आहे. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि खिडकीत प्रत्यक्ष बसणारा दुसराच, हे चित्र खेड्यापाड्यांतून अपरिचित नाही. धर्मादाय औषधालयाने तरी त्यापासून कटाक्षाने दूर राहिले पाहिजे. म्हणूनच एक औषधनिर्माता रजेवर गेला तरी दुसरा उपस्थित असावा, यासाठी दोघांचे वेतन द्यावे लागते. हिशेबाच्या दृष्टीने हा खर्च जादा वाटेल; रुग्णाच्या दृष्टीने तो अपरिहार्य आहे.

औषधांच्या वेष्टणावर ‘आरएक्स’ अशी खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. नियमांतील परिशिष्ट ‘एच’ मध्ये अशा औषधांची यादी आहे. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी २०१३ साली ‘एच-१’ हे नवे परिशिष्ट आले आणि मार्च २०१४ पासून ते अमलात आले. आरंभी त्यात ४६ औषधे होती. त्यांत वरच्या श्रेणीची प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे व सवय लावणारी काही औषधे यांचा समावेश होता. या औषधांच्या प्रत्येक विक्रीची नोंद, म्हणजे डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण, स्वतंत्र वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. परिशिष्ट ‘एक्स’ मधील औषधांच्या चिठ्ठीची प्रत दोन वर्षे ठेवावी लागते.

खिडकीपाशी नातेवाइकांचा रोष होतो तो बहुधा या नियमांमुळेच. ‘मागच्या वेळी हेच दिले होते, आता चिठ्ठी कशाला?’ असा प्रश्न विचारला जातो. मागच्या वेळचा ताप आणि या वेळचा ताप एकाच कारणाचा असेल असे नाही, आणि ते ठरविण्याचा अधिकार औषधनिर्मात्यास नाही, एवढेच त्याचे नम्र उत्तर आहे.

१९८६ आणि २०२५

नोंदींचा हा आग्रह कोठून आला, हे समजण्यासाठी मुंबईतील एका दुःखद घटनेचे स्मरण करावे लागते. १९८६ च्या प्रारंभी सर ज. जी. रुग्णालयात उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले आणि १४ रुग्णांना प्राण गमवावे लागले. हे द्रव्य उद्योगधंद्यांत द्रावक म्हणून वापरले जाते. ते रंगहीन व गोडसर असते, शुद्ध ग्लिसरॉलसारखेच दिसते आणि पोटात गेल्यावर मूत्रपिंडे निकामी करते. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाच्या चौकशीत केवळ एका बाटलीचा दोष पुढे आला नाही. औषध कोणाकडून व कसे खरेदी केले, त्याची तपासणी कोणी करावयाची होती, देखरेख कोठे ढिली पडली, अशी सारी साखळी तपासली गेली.

त्यानंतर जवळपास चार दशके लोटली, तरी हे संकट टळलेले नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या खोकल्याच्या पातळ औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जारी केलेल्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील बालकांस सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील बालकांसही ती सामान्यतः टाळावीत. साधा खोकला पुष्कळदा विश्रांती, पुरेसे पाणी व काळजीने बरा होतो. तरीही ‘बाळाला एखादे सिरप द्या’ ही मागणी खिडकीपाशी येतच असते. अशा वेळी बाटली न देता बाळास डॉक्टरांकडे परत पाठविणे, हेही औषधालयाचेच काम आहे.

या दोन घटनांवरून बिलावरील बॅच क्रमांकाचे महत्त्व ध्यानी येते. एखादी बॅच अप्रमाणित ठरली आणि ती परत मागविण्याचा आदेश निघाला, तर ज्या औषधालयाने प्रत्येक बिलावर बॅच क्रमांक लिहिलेला आहे, ते त्याच दिवशी ती बॅच कपाटातून काढून कोणकोणत्या रुग्णांकडे गेली हे शोधू शकते. ज्याने लिहिलेला नाही, त्यास फक्त कपाट रिकामे करता येते. घरी पोहोचलेली बाटली शोधता येत नाही. म्हणून औषध घेताना बिल अवश्य मागावे व ते औषध संपेपर्यंत जपून ठेवावे.

खरेदी आणि स्वस्त औषधांचा प्रश्न

औषधालयात येणारा प्रत्येक खोका उघडताना काही गोष्टी पाहणे बंधनकारक मानले आहे : पुरवठादाराचा परवाना, रीतसर बिल, बिलावरील व वेष्टणावरील बॅच क्रमांक जुळणे, उरलेली मुदत, आणि वेष्टणाची स्थिती. बिलाविना मिळणारा माल कितीही स्वस्त असला तरी तो घेतला जात नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दरमहा अप्रमाणित ठरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. ती यादी पाहून आपल्या साठ्याशी ताडणे हेही नित्याचे काम आहे. ऑगस्ट २०२३ पासून ठराविक ३०० नाममुद्रांच्या वेष्टणावर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले असून, मोबाइलने तो वाचून औषधाची माहिती पडताळता येते.

नातेवाइकांकडून वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा की, ‘ट्रस्टच्या औषधालयातील औषध एवढे स्वस्त, मग ते कमी दर्जाचे तर नाही?’ औषधाची शुद्धता, त्यातील मूळ द्रव्याचे प्रमाण व गोळी विरघळण्याची कसोटी यांची मानके भारतीय औषधसंहितेत दिलेली आहेत. या संहितेची पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली. प्रसिद्ध नाममुद्रेचे औषध आणि केवळ मूळ नावाने विकले जाणारे जेनेरिक औषध या दोहोंस ही मानके सारखीच लागू आहेत. किमतीतील फरक मुख्यतः जाहिरात, वितरण व नफा यांतून येतो. तथापि स्वस्त आहे म्हणून औषध चांगलेच असेल, असेही गृहीत धरता येत नाही. उत्पादक कोण, बॅचच्या चाचणीचा अहवाल मिळतो का, हे पाहूनच खरेदी करावी लागते. वडोदरा येथे १९८३ साली स्थापन झालेल्या ‘लोकॉस्ट’ या धर्मादाय संस्थेने अत्यावश्यक औषधे अल्प किमतीत व दर्जा राखून बनविता येतात, हे दाखवून दिले. तमिळनाडू शासनाच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने खरेदी केलेल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मगच वाटप करण्याची पद्धत रूढ केली. धर्मादाय रुग्णालयांनी अनुकरण करावे अशी ही उदाहरणे आहेत.

औषधसूची मर्यादित ठेवणे हाही गुणवत्तेचाच भाग होय. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ साली प्रसिद्ध केली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. बाजारात नाममुद्रा हजारो असल्या, तरी गावाच्या बहुतेक गरजा थोडक्या औषधांत भागतात. औषधे मोजकी असली की साठा नीट सांभाळता येतो, मुदतबाह्य होणारा माल घटतो आणि नावांच्या गोंधळातून होणाऱ्या चुका कमी होतात.

ऊन, दमट हवा आणि वीज

पुष्कळ औषधांच्या वेष्टणावर ‘३० अंशांखाली ठेवा’ अशी सूचना असते. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालील खोली त्याहूनही तापते. कोकणात पावसाळ्यातील दमट हवेने कॅप्सूल एकमेकांस चिकटतात व गोळ्यांवर डाग पडतात. म्हणून औषधांची खोली सावलीच्या बाजूस असावी, खोके जमिनीवर न ठेवता फळीवर व ओलसर भिंतीपासून दूर ठेवावेत, भिंतीवर तापमापक असावा आणि त्याची नोंद रोज व्हावी, हे किमान मानक आहे.

इन्शुलिन, धनुर्वाताची लस, श्वानदंशावरील लस व प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिन ही औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. गारवा जितका अधिक तितके बरे, असा समज येथे घातक ठरतो, कारण गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यावे लागते. यास्तव शीतकपाटात बर्फाच्या कप्प्यास लागून किंवा दाराच्या कप्प्यात औषध ठेवले जात नाही. सकाळी व सायंकाळी तापमान पाहून तक्त्यात लिहिले जाते, आणि त्या कपाटात खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू ठेवण्यास मनाई असते. वीज गेल्यास दार किती वेळ बंद ठेवावे व औषधे बर्फाच्या पेटीत केव्हा हलवावीत, याच्या सूचना कपाटावरच चिकटविलेल्या असतात.

ज्यांच्या घरी शीतकपाट नाही अशा मधुमेही रुग्णांनीही निराश होण्याचे कारण नाही. वापरात असलेली इन्शुलिनची कुपी घरातील थंड जागी साधारणतः चार आठवडे चालते. एका मातीच्या मडक्यात दुसरे लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली राखावी आणि कुपी पिशवीत घालून आतील मडक्यात ठेवावी. आपल्या आज्या पाणी थंड राखीत त्याच न्यायाने हे औषधही उन्हाळ्यात सांभाळले जाते.

सर्पदंशावरील प्रतिविषाचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. आपल्याकडील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांच्या दंशावर उपयोगी पडते. त्याची कोरड्या चूर्णाच्या रूपातील कुपी सामान्य तापमानातही टिकते. द्रवरूप कुपीस मात्र शीतकपाट लागते. पावसाळ्यात शेतात दंश झालेला रुग्ण आला की काही क्षणांत कुप्या हाती असाव्या लागतात, आणि एका रुग्णास अनेक कुप्या लागतात. एखाद्या वर्षी रुग्ण कमी आले तर काही कुप्यांची मुदत तशीच संपते. हिशेबात तो तोटा दिसतो. परंतु गावात आग लागली नाही म्हणून अग्निशामक यंत्रावरचा खर्च वाया गेला, असे आपण म्हणत नाही. विश्वस्तांनी या नुकसानीकडे त्याच दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे.

मुदतीच्या बाबतीत नियम सरळ आहे : ज्याची मुदत आधी संपणार ते आधी द्यावयाचे. वेष्टणावर केवळ महिना व वर्ष असल्यास त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. गोळ्यांची पट्टी कापून द्यावी लागते तेव्हा बॅच क्रमांक व मुदत छापलेले टोक शेवटपर्यंत राखून दुसऱ्या बाजूने कापले जाते. मुदतबाह्य औषधे कुलूपबंद खोक्यात वेगळी ठेवली जातात आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून विल्हेवाटीसाठी पाठविली जातात. ती उकिरड्यावर वा ओढ्यात जाणे कदापि योग्य नाही.

चिठ्ठीपासून हातापर्यंत

औषध उत्तम असूनही हानी होते ती देताना होणाऱ्या गफलतीमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधोपचारातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम हाती घेतली, यावरून या प्रश्नाची व्याप्ती कळावी. खेड्यातील औषधालयात जेथे विशेष सावध राहावे लागते, अशी काही स्थळे येथे देत आहोत.

नामसाधर्म्य हे त्यांतील पहिले. हायड्रॉक्सिझिन हे खाज कमी करणारे, तर हायड्रालाझिन हे रक्तदाब उतरविणारे औषध. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात. २०१६ पासून डॉक्टरांनी मूळ नावाने, सुवाच्य व शक्यतो मोठ्या इंग्रजी लिपीत चिठ्ठी लिहावी असा नियम आहे. शंका आल्यास अंदाज न करता डॉक्टरांस विचारणे, आणि सारख्या नावांची औषधे कपाटात दूर ठेवणे, हे यावरील उपाय.

दुसरे स्थळ लहान मुलांच्या तापाचे औषध. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधात एका चमच्यास, म्हणजे ५ मिलिलिटरला, १२५ मिलिग्रॅम असू शकते, किंवा २५० मिलिग्रॅमही असू शकते. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत मात्र एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते. थेंबांचे औषध चमच्याने दिले गेले, तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध बाळाच्या पोटात जाते. म्हणून बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे. घरातील चमचा वापरू नये.

तिसरे, संधिवातावरील मेथोट्रेक्सेट. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतले गेल्यास ते जिवावर बेतते. अशा पाकिटावर वार स्पष्ट लिहून, तो रुग्णाकडून पुन्हा वदवून घेतल्याशिवाय ते दिले जात नाही.

चौथे, जुलाबावरील क्षारसंजीवनी. तिचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी, तर लहान पाकीट २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात घातल्यास मिश्रण अतिखारट होऊन बाळास अपाय होतो. पाकिटावरील प्रमाण वाचून पाणी मोजावे, आणि तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.

याखेरीज, चिठ्ठीवरील औषध उपलब्ध नसल्यास त्याऐवजी दुसरे औषध औषधनिर्मात्याने आपल्या मनाने देऊ नये, असे नियमच सांगतो. त्यासाठी डॉक्टरांकडे परत जावे लागते. तो हेलपाटा त्रासाचा खरा, पण तो रुग्णाच्या हिताचा आहे. एकाने काढलेले औषध देण्यापूर्वी दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडून पाहणे हीही पद्धत पाळली जाते. बाजाराच्या दिवशी रांग वाढली तरी तीत सवलत नसते.

सुट्या गोळ्यांची पुडी आणि चार शब्द

खेड्यात अजूनही कागदाच्या पुडीत तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्या मिळतात. त्यांवर नाव नाही, मुदत नाही, बॅच नाही. असा रुग्ण पुढे अत्यवस्थ होऊन रुग्णालयात आला, तर त्याच्या पोटात कोणते औषध गेले हे डॉक्टरांना कळण्यास मार्ग उरत नाही. वेदनाशामक व स्टिरॉइड यांच्या अशा पुड्या दीर्घकाळ घेतल्याने जठरात व्रण होणे, साखर वाढणे, मूत्रपिंडांस इजा होणे हे प्रकार घडतात. म्हणून नाव नसलेली एकही गोळी खिडकीबाहेर जाऊ नये, हे आपल्या औषधालयाचे मानक आहे.

औषध हाती देताना सांगितलेले चार शब्द हाही औषधोपचाराचाच अंश होय. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णास समुपदेशन करणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य व चंद्र यांची चित्रे काढली जातात. अनशापोटी घ्यावयाचे की जेवणानंतर, किती दिवस, कोणते लक्षण दिसल्यास थांबून परत यावे, हे सांगून झाल्यावर ‘आता तुम्ही कसे घेणार ते मला सांगा’ असे विचारले जाते. समजले का, या प्रश्नास प्रत्येक जण मान डोलावतो. सांगावयास लावले म्हणजे काय उमगले नाही ते कळते. गर्भवती माता, वृद्ध आणि पूर्वी पेनिसिलिन वा सल्फा औषधांचा त्रास झालेले रुग्ण यांच्या बाबतीत हे विचारणे अत्यावश्यक आहे.

‘सध्या दोनच दिवसांच्या गोळ्या द्या’ ही विनंती बहुधा खिशातील पैशांमुळे केलेली असते. प्रतिजैविकांची मात्रा अशी अर्धवट घेतल्यास रोग पुन्हा उलटू शकतो, आणि जंतू औषधास दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटू लागताच बंद केल्यास अर्धांगवायूचे भय असते. क्षयरोगाची औषधे शासकीय केंद्रांतून विनामूल्य मिळतात, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते; ते खिडकीपाशीच सांगितले जाते. जेथे केवळ पैशांअभावी उपचार अर्धवट राहणार असेल, तेथे रुग्ण साहाय्य निधीतून औषधाची पूर्ण मात्रा दिली जाते. आपल्या देणगीचा याहून थेट उपयोग क्वचितच दाखविता येईल.

औषधाने पुरळ, सूज, चक्कर यांसारखा त्रास झाल्यास त्याची नोंद होणेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू असून त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. रुग्ण स्वतःही तेथे कळवू शकतो.

उरलेल्या औषधांविषयी

घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या निधनानंतर तिची उरलेली औषधे घेऊन अनेक कुटुंबे रुग्णालयात येतात. कोणा गरिबाच्या उपयोगी पडावीत, ही त्यामागील भावना अत्यंत आदरणीय आहे. तरीही ती औषधे आम्ही स्वीकारू शकत नाही, आणि ती परत करताना आम्हांसही वाईट वाटते. ती औषधे त्या घरी कोणत्या तापमानात होती, पट्टी कधी उघडली, बाटलीत तेच औषध आहे का, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. साखळीची कडी तेथे तुटलेली असते. श्रीमंतास जे औषध आपण देणार नाही, ते गरिबास दान म्हणून देता येत नाही.

१९९२ ते १९९६ या काळात युद्धग्रस्त बोस्नियात जगभरातून आलेल्या देणगीच्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी ठरली व त्यांच्या विल्हेवाटीचाच प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णांकडून परत आलेली औषधे देणगीत देऊ नयेत, आणि देणगीतील औषध पोहोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, असे त्यांत म्हटले आहे. ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असलेले नमुनेही आपल्या विक्रीच्या साठ्यात घेतले जात नाहीत.

त्या औषधांऐवजी त्याच व्यक्तीच्या स्मरणार्थ एखाद्या रुग्णाच्या महिन्याच्या औषधांचा खर्च उचलता येतो. शीतकपाटासाठी वीजपुरवठ्याची पर्यायी व्यवस्था, तापमापक, बर्फाच्या पेट्या, प्रतिविषाच्या कुप्या, औषधनिर्मात्यांचे वेतन व प्रशिक्षण या गोष्टींना दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. उद्घाटनाचा समारंभही होत नाही. पण औषधाची खरी राखण याच गोष्टी करतात.

नातेवाइकांस विनंती

रुग्णालयात येताना रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, काढे व पुड्यांसह, एका पिशवीत घालून आणावीत. पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला असल्यास ते प्रथमच सांगावे. बिल घेऊन औषधाचे नाव, बॅच व मुदत पडताळावी. जुळत नसल्यास तेथेच विचारावे. एकाची औषधे लक्षणे सारखी दिसली म्हणून दुसऱ्यास देऊ नयेत. औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावीत. आणि औषधनिर्मात्याने काही प्रश्न विचारले किंवा क्षणभर थांबावयास सांगितले, तर तो आपल्याच माणसाची काळजी घेत आहे असे मानून सहकार्य करावे.

औषधालयाच्या तापमानाच्या तक्त्या, एच-१ ची नोंदवही व मुदतबाह्य औषधांची यादी विश्वस्त मंडळास कोणत्याही दिवशी पाहावयास खुली आहेत. देणगीदारांनीही रुग्णालयास भेट द्याल तेव्हा खिडकीच्या आत येऊन त्या अवश्य पाहाव्यात. आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचे औषध रुग्णाच्या हाती शुद्ध, योग्य व नीट समजावून पोहोचते की नाही, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.